दोन घोट घेतले की चेहरा लाल होतो, आणि माझं कामच वाइन चाखण्याचं आहे

बागायतदाराची_लेक

नमस्कार. घरी विचारता येत नाही म्हणून इथे विचारतेय.

मी दिंडोरी तालुक्यातली. वडिलांची द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची: थॉमसन आणि थोडी सोनाका. मी मात्र गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वाइनरीत टेस्टिंग रूमला आहे. पाहुणे येतात, त्यांना टाक्या आणि पिंपं दाखवायची, मग काउंटरपाशी उभं करून पाच-सहा वाइन थोड्या थोड्या ओतून द्यायच्या आणि कोणती कशी ते सांगायचं. आईला हे काम पटवता पटवता नाकी नऊ आले. गावात अजूनही "दारूच्या दुकानात पोरगी" एवढंच ऐकू जातं लोकांना. असो, तो विषय वेगळा.

कामावर आम्ही पीत नाही. पण बाटली उघडली की ती बिघडलेली तर नाही ना हे पाहुण्यांना द्यायच्या आधी आपण बघायचं असतं. वास घ्यायचा, एक घोट चाखायचा. शनिवार-रविवारी मुंबईकरांची गर्दी असते, तेव्हा बाटल्यांवर बाटल्या उघडाव्या लागतात.

त्रास असा की घोट-दोन घोट गेले की पाच-दहा मिनिटांत चेहरा तापतो. गाल, नाक, कपाळ. मानेखाली काही नाही. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरतं. चक्कर नाही, धडधड नाही, मळमळ नाही, अंगावर गांधी उठत नाहीत. चढत तर अजिबात नाही, एका घोटाने काय चढणार! मी सावळी आहे, त्यामुळे एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण माझ्या ओठाच्या उजव्या कडेला आणि खाली हनुवटीवर कोडाचा डाग आहे. त्यावर मलम चालू आहे, डॉक्टर म्हणतात लहान आहे, रंग परत येईल. तर चेहरा तापला की तो डाग भडक गुलाबी होतो, लिपस्टिक पुसताना फासली गेल्यासारखा. मग एखादा पाहुणा म्हणतोच, "मॅडम, आमच्याआधी तुमचंच टेस्टिंग झालेलं दिसतंय." हसून सोडून देते. पण परवा एका बाईंनी मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं, तुमची मुलगी प्यायलेली आहे.

मॅनेजर म्हणाला, ड्युटीवर यायच्या आधी अ‍ॅसिडिटीची गोळी घेत जा, त्याने लाली येत नाही. त्याच्या ओळखीतले हॉटेलवाले असंच करतात म्हणे. घेऊन बघितली, मला तरी फरक वाटला नाही. तो म्हणतो रोज घेतली की पडेल फरक. घ्यावी का?

कामाला लागले तेव्हा असं काही होत नव्हतं. दिवाळीनंतर सुरू झालं. रेड, व्हाइट, रोजे, कशानेही होतं. मैत्रिणीकडे अर्धा ग्लास बिअर घेतली तेव्हाही झालं. अ‍ॅलर्जी आहे का ही? की लिव्हरचं काही? सीझन तोंडावर आलाय, जानेवारीत काढणी सुरू झाली की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. काम सोडायची वेळ येऊ नये एवढंच.


गोदाकाठचा_पक्या

सल्फाइट! वाइन टिकावी म्हणून सल्फाइट घालतात, बाटलीवरच लिहिलेलं असतं. रेड वाइन ताबडतोब बंद करा. आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. आमच्या मामांचा चेहरा कायम असाच लाल असायचा, शेवटी लिव्हरनेच गेले. घाबरवत नाही, पण सांगितलेलं बरं.


सेलरवाला_विंचूर

पक्याभाऊ, घाबरवत नाही म्हणता आणि मामांना मध्ये आणता!

मी वाइनरीच्या सेलरमध्ये काम करतो, सल्फाइट माझ्याच हाताने पडतं. एक तर रेडपेक्षा व्हाइटमध्ये ते सहसा जास्त असतं, कारण रेडला सालीतलं टॅनिन सांभाळून घेतं, व्हाइटला ते कवच नसतं. दुसरं, सल्फाइटचा खरा त्रास होतो तो दमेकऱ्यांना. छाती भरते, श्वासाला शिट्टी लागते. नुसता चेहरा लाल होऊन थांबत नाही. आणि तिसरं, पिवळे बेदाणे. त्यांना गंधकाची धुरी देतात म्हणून तर तो रंग राहतो. ताई द्राक्षवाल्यांच्या घरातल्या, बेदाणे मूठमूठ खाल्ले असतील. काही झालं का कधी? नसेल झालं तर सल्फाइट सोडून द्या.

हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीरात सुटतं ते द्रव्य, म्हणाल तर ते रेडमध्ये जास्त असतं हे खरं. काहींना त्याने डोकं धरतं, चेहरा लाल होतो. पण यांना व्हाइटनेही होतंय आणि बिअरनेही. म्हणजे वाइनमधलं काही नाही, खुद्द अल्कोहोलशीच भांडण आहे.

जाता जाता धंद्यातली एक गोष्ट. बिघडलेली बाटली बहुतेक वेळा नाकालाच कळते. बुचाचा दोष असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो, आंबट चढली असेल तर व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा. घोट घ्यायची गरज क्वचित पडते. आणि घेतलाच तर थुंकायचा. मोठमोठे टेस्टर दिवसभर थुंकतात, त्यात लाज कसली? आपल्याकडे बाईमाणसाने चारचौघांत थुंकायचं म्हणजे लोक बघत राहतात, ते मान्य. पण काउंटरखाली बादली ठेवता येते.


अंबडचा_टूलरूमवाला

मला हा प्रकार ओळखीचा वाटतो. कंपनीने मला ट्रेनिंगसाठी नागोयाला पाठवलं होतं. संध्याकाळी सगळे मिळून इझाकायात, म्हणजे तिकडच्या खाण्यापिण्याच्या टपरीवजा हॉटेलात जायचे. पहिला बिअरचा ग्लास संपायच्या आत टेबलावरची बरीच पोरं लालबुंद. मान, कान, डोळेसुद्धा. एक जण तर दोन घोटांनंतर भिंतीला टेकून झोपायचाच. मला आधी वाटलं यांची कुवत कमी. मग आमच्या लाइन लीडरने समजावलं की हे जन्मजात असतं, त्यांच्यात बऱ्याच जणांना असतं, आणि अशा माणसाला आग्रह करायचा नसतो. तो स्वतः ऊलाँग चहा घेऊन बसायचा आणि सगळ्यांत जास्त हसायचा.

नंतर मी वाचलं त्याबद्दल. दारू पोटात गेली की आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी. मग एएलडीएच२ नावाचं एन्झाइम त्याचं अ‍ॅसिटेट करून टाकतं, ते निरुपद्रवी. या लोकांत ते एन्झाइमच लुळं असतं, म्हणून अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं आणि चेहरा पेटतो. जपान, चीन, कोरिया मिळून साधारण ३६ टक्के लोकांत हे असतं, जगात सुमारे ८ टक्के. ताई, तुम्हालाही हेच नसेल कशावरून?

तिकडचे डॉक्टर दोनच प्रश्न विचारतात म्हणे: आता एक छोटा ग्लास बिअर घेतली तर चेहरा लाल होतो का, आणि प्यायला लागलात त्या पहिल्या एक-दोन वर्षांत होत होता का. दोन्हींपैकी एकाला जरी हो म्हणालात तरी एन्झाइम लुळं असण्याची शक्यता मोठी.


मेडिकलवाले_काका

टूलरूमवाले, माहिती चोख दिलीत, पण निदान चुकलं. जनुकं दिवाळीनंतर सुरू होत नसतात. ही पोर म्हणते की कामाला लागली तेव्हा काही होत नव्हतं. ते दोन प्रश्न तिला लावून बघा: पहिल्याचं उत्तर हो येतं खरं, पण जन्मजात असतं तर दुसऱ्याचंही हो आलं असतं, आणि ते चक्क नाही येतं. शिवाय तो जनुकातला बदल पूर्व आशियातला, आपल्या मराठी मुलखात फार क्वचित.

माझं पंचवटीत औषधाचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मुलगा बघतो, मी सकाळचा बसतो. गिऱ्हाईक नसलं की खोक्यातला तो घडीघडीचा कागद उलगडून वाचायची मला खोड आहे. बायको म्हणते पेपर वाचा. पेपरात आहे काय?

तर लेकी, जे आधी नव्हतं आणि मध्येच सुरू झालं, त्याच्यामागे बहुतेक वेळा एखादं औषध निघतं. आमच्याकडे नेहमीचे गुन्हेगार ठरलेले. जुलाबाला दिलेलं मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल. त्यांच्या कागदावर दारू घेऊ नका, गोळ्या संपल्यावरही ३ दिवस थांबा असं लिहिलेलं असतं. मेट्रोनिडॅझोलबद्दल अलीकडे डॉक्टरांत दोन मतं आहेत, पण मी गिऱ्हाइकाला कागदच वाचून दाखवतो. मग गजकर्णाचं ग्रिसिओफुल्विन. सिफोपेराझोनसारखी काही इंजेक्शनं. आणि दारू सोडवायचं डायसल्फिरम, ते तर मुद्दाम त्यासाठीच असतं.

पण तू गोळ्या कुठल्याच सांगितल्या नाहीस. मलम सांगितलंस. ट्यूबवरचं नाव बघून लिही. ब्रँडचं नको, त्याच्याखाली बारीक अक्षरात असतं ते.

आणि ती अ‍ॅसिडिटीची गोळी आजपासून बंद. का ते नंतर सांगतो, आत्ता मालाची गाडी आलीय.


बागायतदाराची_लेक

काका, ट्यूबवर टॅक्रोलिमस ०.१ टक्के असं आहे. दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी सुरू केलं, दिवसातून दोनदा पातळ थर. पण ते तर वरून लावायचं ना? मी पोटातून काहीच घेत नाही. सेलरवाले दादा, बेदाणे तर मी आत्ताही खातेय, काही होत नाही.


मेडिकलवाले_काका

दसऱ्याला मलम, दिवाळीनंतर लाली. सापडलं!

टॅक्रोलिमसच्या कागदावर दुष्परिणामांत साफ लिहिलेलं असतं: दारू घेतल्यावर चेहरा किंवा त्वचा लाल होणे, तापणे. शंभरातल्या काही जणांनाच होतं, त्यामुळे डॉक्टर प्रत्येकाला सांगतातच असं नाही. त्यातून मराठी घरातली मुलगी समोर बसली की "दारू घेता का" हा प्रश्न डॉक्टरांच्या तोंडून निघत नाही, आणि मुलीच्या तोंडून वाइनरी निघत नाही. बरोबर ना? यात दोष कुणाचा काढणार!

ही लाली अगदी तू लिहिलीस तशीच असते. थोड्याशा दारूनेही येते, काही मिनिटांत येते, चेहऱ्यापुरती राहते, तासाभरात ओसरते. मलम लावतो तेवढ्याच जागी येते किंवा सगळ्या चेहऱ्यावर पसरते. मलमातलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं, तेव्हा लिव्हरची काळजी सोड, पक्याच्या मामांनाही सोड. नक्की कसं घडतं याबद्दल अंदाज दोन: त्वचेतल्या त्वचेत तेच एन्झाइम अडवलं जातं, किंवा नसांच्या टोकांतून रक्तवाहिन्या फुगवणारी द्रव्यं सुटतात. काही असो, जिवाला धोका नाही, मलम थांबवलं की जातं.

टूलरूमवाल्यांसाठी एक गंमत: हे औषधही जपानचंच. १९८४ मध्ये तिकडे त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून काढलं. मुळात किडनी, लिव्हर बदललेल्या रुग्णांसाठी, शरीराने नवा अवयव झिडकारू नये म्हणून. मलम नंतर आलं, एक्झिमासाठी. चेहऱ्यावरच्या कोडाला डॉक्टर ते देतात, कारण स्टिरॉइडच्या मलमाने जशी कातडी पातळ होते तशी याने होत नाही. म्हणून ऐक, स्वतःच्या मनाने मलम बंद करायचं नाही. चेहऱ्यावरचा डाग बरा व्हायला वेळ लागतो, आणि मध्येच सोडलंस तर इतके दिवस लावलेलं वाया जाईल. डॉक्टरांकडे जा, वाइनरीचं खरं सांग, त्यांना ठरवू दे.

आता गोळी. तुझा मॅनेजर सांगतो ती युक्ती खरोखर चालते, पण ती टूलरूमवाल्यांच्या नागोयातल्या पोरांसारख्यांवर. अ‍ॅसिटाल्डिहाइड साचलं की त्याने शरीरात हिस्टामिन सुटतं आणि रक्तवाहिन्या फुगतात. फॅमोटिडीन, रॅनिटिडीन या गोळ्या पोटातलं अ‍ॅसिड कमी करतात त्या हिस्टामिनचा एक दरवाजा बंद करूनच. म्हणून लाली दबते. पण अ‍ॅसिटाल्डिहाइड तेवढंच राहतं. चेहरा ठीक दिसला की माणूस आणखी दोन ग्लास घेतो, आणि विष दुप्पट होतं. एन्झाइम अर्धं लुळं असलेले लोक असेच पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूतून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला २००९ मध्ये पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे पक्कं. आणि हेही लक्षात ठेवा की सवयीने ही लाली फिकी होत जाते, धोका मात्र फिका होत नाही. म्हणूनच ते जपानी डॉक्टर पहिल्या वर्षांचं विचारतात.

तुझी लाली त्या जातीची नाही, म्हणून तुला गोळीने फरकही पडला नाही. आणि पडला असता तरी रोज गोळी कशाला?

एवढं मात्र बघ: कधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ते वेगळं, सरळ हॉस्पिटल. दारू न घेताच चेहरा वरचेवर तापायला लागला आणि सोबत जुलाब असले तर फिजिशियनकडे. गालांवर लाली कायमची बसून पुटकुळ्या यायला लागल्या तर तोही निराळा आजार, त्वचेच्याच डॉक्टरांना दाखवायचा.


गोदाकाठचा_पक्या

काका, मान गये. मामांना परत घेतलं. पण मग मला चेहऱ्याला काहीच होत नाही, म्हणजे आमचं एन्झाइम मजबूत! शनिवारची एक स्ट्राँग बिअर माफ ना? बिअर म्हणजे काय, निम्मं पाणीच.


मेडिकलवाले_काका

पाणी काय! ६५० मिलीची बाटली, ८ टक्क्यांची. गुणाकार कर: शुद्ध अल्कोहोल ५२ मिली, वजनाने ४१ ग्रॅम. दुकानात मिळणारी व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, तिचा ६० मिलीचा पेग २० ग्रॅमचा. म्हणजे तुझी एक बिअर म्हणजे दोन मोठे पेग. या पोरीच्या ३० मिली वाइनमध्ये जेमतेम ३ ग्रॅम असतं आणि लोक तिच्याकडे बोट दाखवतात!

चेहरा लाल होत नाही याचा अर्थ शरीराने तुला सूचना दिली नाही इतकाच. मद्य स्वतःच त्या पहिल्या गटात १९८८ पासून बसलंय. शनिवारचं तू ठरव, तू काही लहान नाहीस.


सिडकोची_वहिनी

मी एरवी नुसतं वाचते. काकांनी डायसल्फिरमचं लिहिलं म्हणून विचारते.

आमच्या नणंदेचे यजमान खूप पितात. रोज, सकाळपासून. सासूबाईंनी एका बाजारातून पुडी आणली, भिंतींवर लिहिलेलं असतं ना, "न सांगता दारू सोडवा", तसली. चहात घालून द्यायची, कळतसुद्धा नाही म्हणे. दोन-चार दिवस दिली. परवा ते पिऊन आले आणि तासाभरात तोंड लालभडक, डोकं गच्च धरून बसले, उलट्या, घाम, छातीत धडधडतंय म्हणून ओरडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, बघा, लागू पडतंय. नणंद घाबरलीय. त्यांना बीपी आहे. हे त्या पुडीनेच झालं का?


मेडिकलवाले_काका

वहिनी, पुडी आजच बंद करा. सासूबाईंचा हेतू वाईट नाही, पण यात माणूस जाऊ शकतो.

पुडीत काय आहे हे मी सांगू शकत नाही, कारण तिच्यावर ना नाव, ना प्रमाण, ना बनवणाऱ्याचा पत्ता. पण तुम्ही वर्णन केलंत ते डायसल्फिरमवर दारू घेतल्यासारखं हुबेहूब आहे. हे औषध नागोयाच्या पोरांत जन्मतः लुळं असतं तेच एन्झाइम मुद्दाम बंद पाडतं. १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये हेल्ड आणि याकॉबसेन यांनी ते दारू सोडवण्यासाठी पुढे आणलं. त्याच्याही आधी अमेरिकेत रबराच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बाबतीत ध्यानात आलं होतं की या जातीच्या रसायनांत काम करणाऱ्यांना दारू सोसत नाही.

औषध चांगलं आहे, आजही डॉक्टर देतात. पण कसं? हृदय, लिव्हर तपासून, आणि मुख्य म्हणजे रुग्णाला बसवून सांगून: यावर दारू घेतलीस तर असं असं होईल. त्या भीतीनेच तो हात लावत नाही, औषधाचं अर्धं काम तीच करते. न सांगता दिलं तर भीती कुठली? तो नेहमीसारखा क्वार्टर मारतो आणि रक्तदाब एकदम कोसळतो. बीपीच्या, हृदयाच्या माणसाला हे झेपेलच असं नाही. शेवटचा डोस घेतल्यावर १४ दिवसांपर्यंत दारूशी त्याची गाठ पडू शकते, म्हणून आज पुडी थांबवली तरी पुढचे दोन आठवडे जपायला हवं. त्यांना खरं सांगावंच लागेल. चिडतील, चिडू देत. परत छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर घरी लिंबूपाणी देत बसू नका.

आणि दुसरं टोकही सांगतो. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू घाबरून एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, झटके असं होऊ शकतं. तेही हॉस्पिटलचंच काम. म्हणून जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. नुसतं बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, नणंदबाई स्वतःसुद्धा लावू शकतात.


सेलरवाला_विंचूर

वहिनी, आमच्या शेजारच्या गावात पुडीवरून असंच झालेलं, माणूस दोन दिवस आयसीयूत होता. काकांचं ऐका.


बागायतदाराची_लेक

काका, डॉक्टरांकडे जाऊन आले. वाइनरीचं सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, आधी का नाही सांगितलं, हे याच मलमाने होतं. डाग भिंगातून बघितला. त्यात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके यायला लागलेत, म्हणजे रंग परत येतोय, त्यामुळे मलम थांबवायचं नाही असं ठरलं. लाली राहील, पण त्याला औषध नको म्हणाले. उन्हाचं क्रीम मात्र नेमाने लावायला सांगितलं, आमचं निम्मं काम बागेत उभं राहून बोलायचं असतं.

मॅनेजरला चिठ्ठी दाखवली. गोळीबद्दल परत काही बोलला नाही. आता मी फक्त वास घेते. ओल्या पुठ्ठ्याचा वास सेलरवाले दादांनी सांगितल्यावर मुद्दाम एक बिघडलेली बाटली मागून घेतली आणि पुन्हा पुन्हा हुंगली, आता झोपेतसुद्धा ओळखेन. शंका आलीच तर आमच्या काउंटरचा दुसरा मुलगा घोट घेतो. बादलीही मागितली होती, ती काही अजून मिळाली नाही. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही" म्हणे.

घरी अजून सांगितलेलं नाही. मलमाचं सांगितलं तर आई म्हणणार, बघ, देवानेच सांगितलं वाइनरी सोड म्हणून.


अंबडचा_टूलरूमवाला

बादलीऐवजी स्टीलचा उंच टंबलर ठेवा, आतलं दिसत नाही. आमच्याकडे कूलंट तपासायला असतो तसला. आणि आईला सांगा की औषध जपानचं आहे, जपानी वस्तूला आमच्या पिढीचे आईवडील नाही म्हणत नाहीत.


सिडकोची_वहिनी

काका, काल रात्री त्यांना नणंदेनेच सांगितलं. खूप आरडाओरडा झाला, सासूबाईंशी बोलणं बंद केलंय. पण सकाळी स्वतःहून म्हणाले, सिव्हिलला जाऊ, त्या दिवशी मी मरतोय असंच वाटलं होतं. उद्या जाणार आहेत, नणंद आणि माझे मिस्टर सोबत. सासूबाई उरलेली पुडी गोदावरीत टाकायला निघाल्या होत्या.


मेडिकलवाले_काका

नदीत नको, आणि फेकूही नका. पुडी कागदासकट पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. किती दिवस, दिवसातून किती वेळा आणि शेवटची कधी दिली हे सासूबाईंना विचारून लिहून न्या. बीपीच्या गोळ्यांची पट्टी आणि जुने कागदही. केसपेपरला सकाळी रांग असते, लवकर निघा, आणि रात्री प्यायले असतील तर तेही लपवू नका म्हणावं.